जिभेखालचा खडा

"काय घातलंस यात?"

सुताराने ताट असं ढकललं की कालवण भुईवर सांडलं. उजव्या जबड्याखाली गाठ टरारून आली होती.

"घालणार काय? रोजचंच आहे."

"मग तुझ्या हातचं खाल्लं की दोन घासांत कसं सुजतं? ताईकडं दोन दिवस पेजेवर होतो, काही झालं नाही. ताई म्हणते ते खोटं नाही."

ताई काय म्हणत असेल, ते बायकोला विचारावं लागलं नाही. सुताराची पहिली बायको गेल्यावर तीन वर्षांपूर्वी ती या घरात आली, तेव्हापासून नणंद तिला 'दुसरी'च म्हणायची. मग गावही तेच म्हणायला लागलं. पहाटे चार घरच्या गाईंच्या धारा काढायला मात्र हीच दुसरी लागायची. आडमुठी गाय तिच्या हाताखाली गप उभी राहायची.

त्या दिवसापासून सुतार स्वतःच पेज उकळून प्यायला लागला. पेजेवर गाठ येईना, तसा त्याचा संशय पक्का झाला. बोलणं दारोदार पोचलं. चारांतल्या दोन घरांनी, "गाय आटली गं," म्हणून तिला परत पाठवलं. गोठ्यात दुधाने भरलेली चरवी तिला दिसत होती.

उन्हाचा कडाका होता. भट्टीसारख्या छपरात सुतार दिवसभर रंधा मारायचा, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. एके सकाळी तो तापाने फणफणला, तोंडही उघडेना. तिने शेजारच्याची गाडी जोडून घेतली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या जिभेखाली बोट फिरवलं.

"खडा आहे. लाळेच्या नळीत अडकलाय. चावून खाल्लं की लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, म्हणून गाठ येते. पेज नुसती गिळायची, तिला लाळ कितीशी लागणार? कुणाच्याही हातचं खा, सुजणारच."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

"कापावं लागंल का?" त्याने विचारलं.

"आत्ता नको. खडा बारीक आहे, नळीच्या तोंडाशी आलाय. तापाच्या गोळ्या देते. पाणी भरपूर प्यायचं, लिंबाची फोड चोखायची, गरम फडक्याने शेकायचं. आणि जबड्याखालून मागून पुढं हळूहळू दाबत आणायचं. ताप वाढला, पू आला, तर लगेच इकडं. घरात हात हलका कुणाचा?"

सुतार गाठ चाचपू लागला.

"माझा," ती म्हणाली.

आठ दिवस ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शेकायची, अंगठ्याने कानाखालून हनुवटीकडे दाबत आणायची. तो कळवळला की थांबायची, तांब्या पुढे करायची. इतका वेळ त्याचं डोकं तिच्या मांडीवर कधीच नव्हतं. एकदा तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या कपाळावर पडलं. घाम समजून त्याने ते पुसून टाकलं.

नवव्या दिवशी लिंबू चोखताना तो एकदम ओरडला आणि तळहातावर थुंकला. तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा!

दुपारी छपरात माणसं जमली. फळीवर खडा ठेवून सुतार रंगात येऊन सांगत होता, "आणि मी येडा! म्हटलं, बायको विषच घालतीय!"

सगळे खो खो हसले. सगळ्यांत जास्त तोच हसला. ती पाणी घेऊन दारात उभी होती.

"वहिनी, वाचला बघा तुमचा नवरा!"

तिने प्रत्येकाला पाणी दिलं. त्यांत धार बंद केलेल्या दोन्ही घरचे पुरुष होते. त्यांनीही पेला घेतला, प्यायले आणि खडा बघायला वाकले.

माणसं पांगल्यावर सुतार जेवायला बसला. कित्येक दिवसांनी पोटभर चावून जेवला, दोनदा मागून घेतलं. ती समोर बसून राहिली. तो आता काहीतरी बोलेल, एवढंसं का होईना, असं तिला वाटत होतं.

त्याने मान वर केली.

"मीठ दे जरा."

तिने उठून मीठ दिलं.