उष्टा पेला

न्यारुआचने पेल्यातल्या चहाचा एक घोट स्वतः घेतला, मग तोच पेला न विसळता काठोकाठ भरला आणि समोर बसलेल्या माणसापुढे ठेवला.

"साखर बघ रे, बरोबर पडलीय का."

"तू घातलीस म्हणजे बरोबरच असणार, आई," तो म्हणाला आणि फुंकर मारून प्यायला.

'आई' हा शब्द तिला पायात काटा मोडावा तसा लागला. चेहरा मात्र तिने हलू दिला नाही. किटलीखालचे निखारे सारखे करीत ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. कंठमणी वर गेला, खाली आला. गेला पोटात, तिने मनाशी म्हटलं.

त्याचं नाव वियुआल. नदीपलीकडच्या लोकांतला. लढाई थांबवायचा करार झाल्यावर निळ्या टोपीच्या परदेशी सैनिकांनी छावणीभोवतीचा बांध उंच करायला दोन्हीकडची माणसं कामाला घेतली, त्यांच्यात तो आला. चारी बाजूंनी पुराचं पाणी आणि मधे ही छावणी, त्यामुळे बांधाचं काम कधी संपत नसे, आणि चहा पिणाऱ्यांना तोटा नसे. न्यारुआचचं चहाचं छप्पर फाटकाजवळ, टेहळणीच्या मनोऱ्याखाली होतं. पहिल्या दिवशी तो वाकून आत शिरला तेव्हाच तिने ओळखलं. कपाळावर कोरलेल्या सहा रेघा तर सगळ्याच पुरुषांना असतात. पण ह्याच्या रेघा डाव्या भुवईवर एका जुन्या जखमेने तुटल्या होत्या. ते तुटलेलं कपाळ तिने एकदा लव्हाळ्यातून, गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पाहिलं होतं. गोठ्याच्या दारात तिचा मुलगा दुओप हात वर करून उभा होता. गुरं घेऊन जा, म्हणत होता. ह्याने गोळी घातली, आणि गुरंही नेली.

वियुआल रिकामा पेला ठेवून गेला. तिने तो इतर पेल्यांत मिसळू दिला नाही. टवका उडालेला तो एक पेला ती बाजूलाच ठेवीत असे.

"काल सभेत काय झालं, ऐकलंस का?" शेजारच्या झोपडीतली न्यादाक सरपण टाकायला आली होती. दोघी एकाच गावच्या, एकाच वयाच्या. "निळ्या टोपीवाल्यांच्या कॅप्टनबाईंनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवलं. मधे पाण्याचा एक पिंप आणि त्याला साखळीने बांधलेला एकच मग. घ्या म्हणे, उन्हातून आलात, पाणी प्या."

"मग?"

"मग काय! जिभा कोरड्या पडल्या मेल्यांच्या, पण कुणी हात लावीना. बाईंना वाटलं, पाण्याला वास येतोय. त्यांनी स्वतः पिऊन दाखवलं." न्यादाक पोट धरून हसली. "बिचारीला कोण सांगणार!"

सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते पोरासोरांनाही ठाऊक होतं. ज्यांच्यात रक्त सांडलंय त्यांनी एका भांड्यातलं खायचं-प्यायचं नाही. मेलेल्याच्या घरचं उष्टं मारणाऱ्याच्या पोटात गेलं तर मरण येतं, आणि कधी कधी ते पाजणाऱ्यालाही धरतं. मारणाऱ्याच्या घरच्यांनी गुरं आणून देईपर्यंत भांडी वेगळी राहतात. ती गुरं मुलीच्या बापाला देऊन मेलेल्याच्या नावाने बायको करतात, आणि तिला होणारी पोरं त्याच्याच नावाने ओळखली जातात.

"पण आता ते कोण पाळतंय म्हणा," न्यादाक उठता उठता म्हणाली. "पलीकडच्यांच्या कमांडरने सांगितलंच होतं ना? ही सरकारची लढाई. हिच्यात कुणाचं रक्त कुणाला लागत नाही. गुरं नाहीत नि काही नाहीत."

"बरी सोय झाली."

"तुझ्या दुओपचं तर लग्नसुद्धा झालं नव्हतं गं."

न्यारुआचने सरपण ओढून आत घेतलं. तिला गुरं नको होती. तिला हा माणूस मेलेला हवा होता. बंदूक धरायला तिच्या घरात कुणी उरलं नव्हतं. दीर गेले, पुतणे गेले. उरला होता तो पेला. मरणाने तिलाही धरलं तर धरू दे. तिचं जायचं ते कधीच गेलं होतं.

वियुआल रोज येई. रोज ती घोट घेई, पेला भरी. तो दोन्ही हातांनी धरून पिई आणि बांधावर जाऊन माती उचली. त्याला काही होत नव्हतं. उलट छावणीतल्या ज्वारीने त्याच्या अंगावर मांस चढू लागलं. न्यारुआच रात्री पडल्या पडल्या त्याच्या पोटाचा विचार करी: आत ते काम करत असेल, हळूहळू, वाळवीसारखं.

एकदा कॅप्टनबाई परदेशी पाहुण्यांना घेऊन आल्या. एफुआ त्यांचं नाव, घानाच्या होत्या. मोठ्याने हसणाऱ्या, मनाने चांगल्या. त्यांनी न्यारुआचच्या खांद्यावर एक हात ठेवला, वियुआलच्या खांद्यावर दुसरा, आणि पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. फोटो निघाले.

"काय म्हणतायत?" न्यारुआचने दुभाष्याला विचारलं.

"म्हणतायत, नदीच्या दोन काठांची माणसं एका किटलीतला चहा पितात, शांतता म्हणतात ती हीच."

"त्यांना सांग, साखर महागलीय."

मग पावसाच्या अखेरीस वियुआल यायचा थांबला. बांधावरच्या एका गड्याने सांगितलं, ताप भरलाय, बडबडतोय, पाणीसुद्धा ठरत नाही. न्यारुआचने त्या गड्याला फुकट चहा पाजला. दिवसभर तिचे हात हलके चालत होते. न्यादाकने विचारलंसुद्धा, "आज काय गं, गाय व्यायली की काय तुझी?"

"व्यायला आलीय."

पण निळ्या टोपीवाल्यांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्याच्या तंबूत नेलं. सुया टोचल्या, बाटल्या चढवल्या. कॅप्टनबाई स्वतः जाऊन बघून आल्या. आणि एका सकाळी तो काठी टेकत फाटकातून आला, गाल बसलेले, डोळे पिवळे, पण जिवंत. न्यारुआचचा हात किटलीच्या कानावरच राहिला. एवढ्या लांबून, समुद्रापलीकडून, हे लोक आले ते काय ह्याला जगवायला?

रागाच्या भरात तिने पेला भरला आणि त्याच्यापुढे आदळला.

वियुआलने पेल्याकडे पाहिलं. मग तो बोटाने तिच्याकडे सरकवला.

"आज उष्टा केला नाहीस."

तिने किटली खाली ठेवली.

"आधी तू एक घोट घे, दुओपच्या आई."

ह्या छावणीत तिला त्या नावाने हाक मारायची तिने सगळ्यांनाच मनाई केली होती. न्यादाकसुद्धा मारीत नसे. शेजारी बसलेले गडी मोठमोठ्याने गप्पा मारत होते; त्यांच्यापैकी कुणी ऐकलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी तू लव्हाळ्यात होतीस. मला फक्त तुझं डोकं दिसलं, पाण्यावर. मी बंदूक खाली केली."

"उपकार झाले."

"तसं नाही म्हणत मी."

"मग पीत का होतास?"

तो काठीवरची साल नखाने काढू लागला. "कमांडर म्हणाला होता, लागत नाही. सगळे म्हणतात, लागत नाही. पण मला ते... माझ्या हाताला जेवताना वास येतो. म्हटलं, बघू. मेलो तर कळेल. तापात पडलो तेव्हा बरं वाटलं, खरं सांगतो. म्हटलं, रक्त लागतं तर. मग त्यांनी सुई टोचली. आता डॉक्टर म्हणतो, डासाचा ताप." त्याने वर पाहिलं. "घे ना घोट. आज तरी."

न्यारुआचने पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. समोर तो मान पुढे करून बसला होता, भुकेलं वासरू बसतं तसा. आणि तिला एकदम दिसलं की इतके दिवस तो मरण मागायला येत होता, आणि ती त्याला देत होती, वर साखर घालून.

तिने चहा बाहेर चिखलात फेकला. पेलाही फेकला.

"ऐका रे!" तिचा आवाज मनोऱ्यावरच्या शिपायापर्यंत गेला. "हा बघा. ह्याने माझ्या दुओपला मारलं. लढाईने नाही, सरकारने नाही. ह्याने. माझ्या गोठ्याच्या दारात. ह्याच्या-माझ्यात रक्त आहे. ह्याला माझ्या छपराखाली पाणी नाही. तहानेने टाचा घासल्या तरी नाही!"

पलीकडच्या काठाच्या गड्यांनी हातातले पेले, भरलेले होते तसेच, खाली ठेवले आणि ते एकेक करून छपराबाहेर निघाले. इकडचे बसून राहिले. बघता बघता मधे मोकळी जमीन पडली.

कॅप्टन एफुआ धावत आल्या, मागे दोन शिपाई. "काय झालं? काय झालं?" दुभाष्या खाली मान घालून म्हणाला, काही नाही, पाण्यावरून. बाईंचा चेहरा उतरला. त्या न्यारुआचचा हात धरून काहीतरी समजुतीचं बोलू लागल्या. न्यारुआचने हात सोडवून घेतला.

वियुआल उठला होता. त्याचे ओठ कोरडे होते. तो बांधाकडे गेला नाही, पाण्याच्या टाकीकडेही गेला नाही. छावणीच्या टोकाला मातीचा पुजारी, रक्ताचे तंटे मिटवणारा, राहत असे. त्याचं मानाचं बिबट्याचं कातडं लढाईत जळालं होतं, आता तो खांद्यावर गोणपाट घेई. माणूस मारलेल्याने आधी त्याच्याकडे जायचं, दंडावर चीर देऊन रक्त वाहू द्यायचं, आणि तोवर घोटभर काही प्यायचं नाही. वियुआल त्या वाटेने काठी टेकत चालत गेला. पूर्वी माणसं जात तसा.

दुसऱ्या सकाळी तिघे आले. गोणपाट घेतलेला पुजारी आणि वियुआलचे दोन काका. ते सावलीच्या कडेबाहेर उभे राहिले. त्यांनी पाणी मागितलं नाही. न्यारुआचने त्यांना बसा म्हटलं नाही. तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा दिला, पेले विसळले, न्यादाकशी सरपणाच्या भावावरून हुज्जत घातली. ऊन चढलं. थोरला काका पुजाऱ्याच्या खांद्याला टेकून उभा राहिला. ते तिने पाहिलं, आणि आणखी एक किटली चढवली.

शेवटी पुजारी म्हणाला, "दुओपच्या आई, गुरांचं बोलायला आलोय."

"कसली गुरं?"

"रक्ताची."

"कुणाच्या रक्ताची?"

पुजाऱ्याने थोरल्या काकाकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत म्हणाला, "लढाईत जे मेले, त्यांच्यातल्या..."

"लढाईत मेलेल्यांच्या आया तिकडे बसतात, दवाखान्यापलीकडे. तिकडे जा."

म्हाताऱ्याने मान वर केली.

"दुओपच्या," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल. माझे कान गेलेत."

"दुओपच्या! दुओपच्या रक्ताची!"

न्यारुआचने पदराच्या टोकाने किटली धरून निखाऱ्यांवरून उतरवली.

"अजून एकदा," ती म्हणाली.