साडेसहा

सुताराच्या कारखान्यात माप सांगायचं म्हणजे नुसता आकडा सांगायचा, आणि तो मिलिमीटरचाच समजायचा. दार एकवीसशे, फळी अठरा. एखादं गिऱ्हाईक "दोनशे दहा सेंटिमीटर" म्हणालं, की सुतार मनातल्या मनात एक शून्य चिकटवून मोकळा. उभ्या आयुष्यात त्याचं माप चुकलं नव्हतं, आणि त्याचा तोराही काही थोडाथोडका नव्हता.

बायकोच्या कुशीत दुखायला लागलं म्हणून तो तिला सोनोग्राफीला घेऊन गेला. मशीनवरची मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "डाव्या मूत्रपिंडावर गाठ दिसतेय. साडेसहाची आहे. मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या." साडेसहा ऐकून सुताराचा जीव भांड्यात पडला. कपाटाच्या पाठीला मारतात ती प्लायवूडची पट्टीसुद्धा जवळपास तेवढीच!

"काही घाबरू नकोस गं," तो बाहेर येऊन म्हणाला. "हातातलं काम उरकलं की जाऊ डॉक्टरांकडे."

बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणाली. ही पण सुटली बिचारी काळजीतून, असं या शहाण्याला वाटलं.

हातातलं काम म्हणजे एका शाळेची बाकं. ती संपली तोवर कुणाचं तरी स्वयंपाकघर आलं. बायको घरी लोकांचे कपडे शिवायची. तिने नवे कपडे शिवायला घेणं बंद केलं आणि होते ते शिवून एकेकाला परत केले. जरा आराम करतेय तर करू दे, म्हणून तो खूश होता.

लघवीतून रक्त गेलं तेव्हा कुठे त्याची धावपळ सुरू झाली. मोठ्या डॉक्टरांनी नव्याने तपासण्या केल्या, बायकोला बाहेर बसवलं आणि याला आत बोलावलं.

"साडेसहाची नऊ झालीय. फुप्फुसापर्यंत पसरलीय. तेव्हाच आला असतात तर काढून टाकली असती."

"पण डॉक्टर, नऊ मिलिमीटर म्हणजे..."

"सेंटिमीटर हो! नव्वद मिलिमीटर."

दहाने गुणायचं. चौथीतलं पोर करील असला हिशेब. लाकडाच्या बाबतीत जे शून्य तो झोपेतही विसरला नसता, ते बायकोच्या बाबतीत त्याने खाल्लं होतं. आपण हिला मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

बाहेर बाकड्यावर तिच्या शेजारी बसून त्याने सगळं सांगून टाकलं. "मला मिलिमीटर वाटलं गं. देवाशपथ."

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "माझी शिवणाची टेप सेंटिमीटरचीच असते ना."

"मग बोलली का नाहीस तू?"

"तुम्हालाही कळलंय असंच वाटलं मला. आणि कळूनही तुम्ही काम उरकल्यावर बघू म्हणालात." तिने पदर सावरला. "म्हटलं, नको झाले असेन यांना. उगीच कशाला मागे लागायचं."

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. इतके दिवस हे मनात ठेवून ती त्याला दोन्ही वेळा गरम जेवायला वाढत होती.