झाकणाखालची झोप

मी एक जुना थंड डबा आहे. किती थंड, असे विचाराल तर शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. बर्फ माझ्या शेजारी ठेवला तर तोच ऊबदार वाटेल. माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असे आणि त्यात बुडवून ठेवलेली वासरे असत.

मित्रांनो, आख्खी वासरे नव्हेत. बारीक बारीक कांड्या, आणि प्रत्येक कांडीत डोळ्यालाही न दिसणारे, जेमतेम आठवड्याचा गर्भ, म्हणजे होऊ घातलेले वासरू. त्याला ना शेपूट, ना हंबरणे. ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. मग कुणीतरी ते बाहेर काढून ऊब देते, गायीच्या पोटात ठेवते आणि ते जणू कालच झोपले होते अशा थाटात वाढू लागते. हा चमत्कार मी पुष्कळदा पाहिला आहे. तरी माझा त्यावर पूर्ण विश्वास कधीच बसला नाही. जन्मभर झाकणाखाली राहिले की स्वभाव संशयी होतो.

त्यात माझी घडण तशीच. कारखान्यात मला दोन भिंती दिल्या आणि मधली हवा शोषून घेतली. म्हणजे माझ्या दोन भिंतींमध्ये काहीच नाही. त्या काहीच-नाहीच्या जोरावर मी टिकून आहे. अशाने आत्मविश्वास यायचा कुठून?

तिथून मी ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडमध्ये लोर्ना ट्रेविनच्या गोठ्यावर आलो. दुधाच्या टाकीच्या खोलीत, सिंकच्या बाजूला माझी जागा होती. लोर्ना आणि तिचा भाऊ डेस दोघे मिळून गायी पाळत. लोर्नाचा नवरा क्लाइव्ह केव्हाच गेला होता. त्याच्यामागे घरात राहिला तो मडगार्ड नावाचा केल्पी जातीचा कुत्रा. गायी वळण्यात तो पटाईत होता. गाडी दिसली की त्यात उडी मारून बसायचे, हे त्याचे एकमेव व्यसन. गाडी कुणाची, कुठे चालली, याची तो चौकशी करत नसे.

मी चांगली वासरे दिली. माझ्यातून निघालेल्या एका कालवडीला तालुक्याच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. फीत कालवडीच्या गळ्यात घातली. छायाचित्रात मी मागे आहे. माझ्यावर कुणीतरी टोपी ठेवली आहे.

मग मडगार्ड म्हातारा झाला. मागचे पाय थरथरू लागले, हृदय धडपणे चालेना. आणि एका कडक उन्हाळ्याच्या सकाळी गार्थ पेनबेरी नावाचा तरुण आला. तो शहरातल्या कुठल्याशा कंपनीचा होता. ती कंपनी मेलेली माणसे आणि पाळीव जनावरे गोठवून ठेवत असे. पुढेमागे विज्ञान सुधारले की त्यांना जागे करायचे, असा बेत. लोर्नानेच त्याला बोलावले होते.

"हे व्हायचं कसं, हे कळू दे मला," लोर्ना म्हणाली.

गार्थने खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मला तेव्हाच शंका आली.

"तुमच्याकडे तर होतंच आहे की हे," तो म्हणाला. "या डब्यातून वासरं निघतात ना जिवंत? मग कुत्रा का नाही निघणार? फरक फक्त आकाराचा."

मित्रांनो, मला न विचारता माझी साक्ष काढली गेली. कांडीतले वासरू मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. गारठा त्याच्या आरपार एका दमात जातो. मडगार्डला मेंदू आहे, काळीज आहे, शिवाय पोटात कालच चोरून खाल्लेला अर्धा सॉसेज आहे. एवढे सगळे एकसारखे गोठायचे आणि कुठे तडा जायचा नाही, हे कुणी करून दाखवले आहे? पण डब्याला कोण विचारतो. लोर्ना माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जो विश्वास दिसला त्याने मला, माझ्या तापमानातही, हुडहुडी भरली.

"एकच अट आहे," गार्थ म्हणाला. "त्याचं हृदय चालू असतानाच न्यायला हवं. आपोआप थांबेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. आमचे डॉक्टर त्याला शांतपणे झोपवतील."

"म्हणजे मरायच्या आधी मारायचं," डेस म्हणाला. "मरू नये म्हणून."

"डेस, तू गप्प बस."

"मी आपला समजून घेतोय. गड्या, इकडे ये, तुला खरा माल दाखवतो."

आता इथली रीत सांगायला हवी. या भागात माणूस बोलू लागला की हातात जे असेल ते तसेच धरून बोलतो. कुंपणाची तार, कोकराचा पाय, काहीही. डेसने माझे झाकण काढले आणि कांड्यांचे डबडे वर उचलून गार्थसमोर धरले. त्यात एम्प्रेस गायीची शेवटची वासरे होती. एम्प्रेस मेली होती. तिचा वंश आता एवढाच उरला होता. डेसने एम्प्रेसची हकीकत सुरू केली. मग तिच्या आईची. मग आजीची, जी एकदा चर्चमध्ये शिरली होती. आजीने वेदीवरची फुले खाल्ली तेव्हा बाहेरच्या उकाड्यात माझी वासरे वितळत होती. पाद्रीबाबांचा उल्लेख संपल्यावर डेसने डबडे खाली सोडले. वाफ उसळली. झाकण लागले. कांड्या पुन्हा गोठल्या आणि होत्या तशाच दिसू लागल्या.

मला कळले. पण मला तोंड आहे ते फक्त भरण्यासाठी.

त्यानंतर लोर्ना रोज येई. लाकडी पट्टी माझ्यात बुडवून नायट्रोजनची पातळी बघे, कमी असला तर भरून घेई आणि झाकणावर थाप मारून म्हणे, "झोपा बाळांनो." मेलेल्यांची अशी देखभाल मी दुसरीकडे पाहिली नाही. मडगार्ड तिच्या पायाशी आडवा पडलेला असे. त्याला ती म्हणे, "तूही असाच झोपशील हं. घाबरायचं नाही."

ठरलेल्या दिवशी सगळेच एकदम आले. वासरे गायींच्या पोटात ठेवायला प्रू हॅडो ही जनावरांची डॉक्टर आली आणि मडगार्डला न्यायला गार्थ व्हॅन घेऊन आला. व्हॅनचा दरवाजा उघडा दिसताच मडगार्ड तिच्याकडे धावला. पहिली उडी चुकली, दुसरीला चढला आणि पुढे तोंड करून ऐटीत बसला.

प्रूने कांडी कोमट पाण्यात धरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दुसरी पाहिली. मग सगळ्याच पाहिल्या.

"लोर्ना, ही मेलीयेत. आज नाही, आधीच कधीतरी. मध्ये कुणी बराच वेळ बाहेर धरली होती का?"

डेसने हातात जे होते ते खाली ठेवले. असे पहिल्यांदाच झाले.

"पण मी रोज पातळी पाहत होते," लोर्ना म्हणाली.

"पातळी ठीकच होती. कांडीकडे बघून काही कळत नाही. वितळवली की कळतं."

लोर्नाने स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिले. मग तिने गार्थला विचारले, "मडगार्डचं असं झालं, तर तुला कळेल?"

"आम्ही पातळी नियमित तपासतो."

"मीही तेच करत होते, पोरा."

"मग... जागं करू तेव्हा कळेल."

"ते कधी?"

"विज्ञान तिथवर पोचलं की."

"म्हणजे तोवर तो झोपलाय की मेलाय, हे मलाही ठाऊक नाही आणि तुलाही नाही."

"तांत्रिकदृष्ट्या—"

"तांत्रिकदृष्ट्या क्लाइव्हही झोपलाच आहे," डेसला राहवले नाही. "फक्त पातळी बघावी लागत नाही."

गार्थ हसला नाही. "माझी आई आहे तिथं, आमच्या टाकीत," तो म्हणाला. "रविवारी जाऊन बोलतो मी तिच्याशी."

डेसने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून पुन्हा घातली.

"बस, चहा घे," लोर्ना गार्थला म्हणाली. ती व्हॅनपाशी गेली आणि मडगार्डला उचलू लागली. तो उतरायला तयार नव्हता. त्याच्या मते प्रवास अजून सुरूच झाला नव्हता. शेवटी दोघा भावंडांनी मिळून त्याला आपल्या पिकअपच्या मागच्या भागात बसवले आणि लोर्ना त्याला गायींकडे घेऊन गेली. चहा गार्थनेच केला.

मडगार्ड पानगळीपर्यंत जगला. रोज गाडीतून हिंडला, आणि एका दुपारी गायी परतत असताना गाडीतच गेला. लोर्ना शेजारी होती. तो मेलाय, हे तिला त्याच क्षणी कळले. त्याला त्यांनी कुरणाच्या वरच्या बाजूला पुरले.

मला पुन्हा कुणी भरले नाही. दोन भिंतींमधल्या पोकळीत हवा शिरली, अंगाला घाम सुटू लागला. डेसने मला आडवे करून फाटकाच्या खांबाला ठोकले. आता मी टपालपेटी आहे. आत विजेची बिले आणि एक कोळी. कोळी हलत नाही. तो झोपलाय की मेलाय, याबद्दल मी मत देत नाही.

मित्रांनो, जुने डबे भरत जा, पुसत जा, झाकण उघडे ठेवून गप्पा मारू नका. आणि कुणी सांगितले की तुमचे माणूस थंडीत जपून ठेवतो, तर चांगले बोला, चहा द्या, पण जरा संशय धरा. घरात कुणी हाक मारल्यावर शेपूट हलवत असेल, किंवा नुसते "काय गं" म्हणत असेल, तर त्याला आजच हाक मारा. डब्याला मारलेल्या हाका कुठे जातात, ते मी आतून ऐकले आहे. त्या आतच राहतात.