माझं डावं कुठलं?

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची गर्भपिशवी आहे. निदान सिस्टर तरी तसं म्हणतात. माझा स्वतःचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरांच्या सासूबाईंनी, मुलींना पाळी समजावून सांगता यावी म्हणून, उरलेल्या गुलाबी लोकरीतून मला विणलं. अंग पेरूएवढं, खाली अरुंद तोंड, वर दोन बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकांना झालर. झालरीशेजारी एकेक बदामाएवढं बटण, ते अंडाशय. बटण दोऱ्याने मला बांधलेलं, नळीला मात्र नाही. सासूबाईंना ती चूक वाटली आणि त्यांनी बटणं झालरीला पक्की शिवून टाकली. सिस्टरांनी ती उसवली. "आई, ते शेजारीच असतं. अंडं सुटलं की झालर त्याला झेलते."

"आणि नाही झेललं तर? हे काय बाई अर्धवट काम!" सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटलं होतं.

माझ्या आत लाल अस्तर आहे. ते दर महिन्याला जाड होतं आणि बाळ राहिलं नाही की गळून जातं, असं सिस्टर मुलींना सांगायच्या. मुली वाकून वाकून बघायच्या. पुढे भिंतीवर चित्रं दाखवणारा पडदा आला आणि मी कपाटात गेले. एकदा कुणाच्या तरी नातीने मला बाहुलीच्या डोक्यावर घातलं. मी टोपीच असेन, असं मला दोन दिवस वाटत होतं.

एके दुपारी कपडे शिवणाऱ्या एक बाई ऑपरेशनचा कागद फडकावत आल्या. गाठीमुळे त्यांचं उजवं अंडाशय काढलं होतं. पण कागदावरच्या चित्रात फुली होती डाव्या हाताला.

"दुखत होतं उजवीकडे आणि काढलं डावीकडचं!" त्या रडतच म्हणाल्या. "चांगलं होतं तेच गेलं. टाके मधोमध, मला काय कळणार? आता मूल कसं व्हायचं, सिस्टर?"

सिस्टरांनी समजावून पाहिलं. मग मला कपाटातून काढून त्यांच्यासमोर टेबलावर उभं केलं. झालं, गोंधळ दुप्पट! माझ्या एका बटणाला 'उजवं' अशी चिठ्ठी टाचलेली होती, ती बाईंच्या डाव्या हाताला आली. इतकी वर्षं मी उलटी तर नव्हते?

बाईंनी मला उचललं, सवयीने अस्तराची शिवण चाचपली आणि एकदम थांबल्या. "अगं बाई! माप घेताना गिऱ्हाइकाचा उजवा खांदा माझ्या डाव्या हातालाच येतो की!" त्यांनी मला फिरवलं आणि माझी पाठ स्वतःच्या पोटाला लावून धरलं. उजवं उजवीकडे आलं. फुली बरोबर होती.

"मग आता एक महिन्याआडच अंडं सुटणार?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"नाही हो ताई. बहुतेक वेळा राहिलेलंच दर महिन्याचं काम सांभाळतं."

बाई बराच वेळ मला पोटाशी धरून बसल्या. माझं उजवं बटण सैल झालं होतं. त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि दोरा घट्ट केला. "माझं गेलं, हिचं तरी राहू दे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, डावं-उजवं अजून मला नीट कळत नाही. पण तुमच्या घरातल्या कुणाला अशी शंका आली तर तिला हसू नका. मला कपाटातून काढा आणि तिच्या पोटाशी धरून दाखवा. तेवढ्यापुरतं तरी मी कोण आहे, ते मला कळतं.