अकोल्याचा माणूस, घरचा माणूस

देवमन गेले त्याला सात आठवडे झाले होते, आणि मालेगावातल्या त्यांच्या टायपिंग क्लासच्या अकरा मशीन यापुढे कोणाच्या भरवशावर चालायच्या, हे अजून ठरलं नव्हतं. ठरवायचं होतं विमलला. ती त्यांची थोरली मुलगी, कारंज्याच्या शाळेत शिक्षिका. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर सगळे नातेवाईक आपापल्या गावी पांगले. ती मात्र बिनपगारी रजा टाकून मागे राहिली. वाशिमला होणारी सरकारी परीक्षा बारा दिवसांवर आली होती. बावीस मुलंमुली बसायची होती, आणि ऐन वेळी त्यांना वाऱ्यावर सोडायला तिचं मन धजत नव्हतं.

त्या काळी परीक्षेला जाताना आपली मशीन आपणच न्यावी लागे. आदल्या दिवशी अकराच्या अकरा मशीन गोधड्यांत गुंडाळून ट्रकवर चढायच्या. म्हणून देवमनांचा एक नियम होता. पहिल्या दिवशी ज्या नंबरच्या मशीनवर बोटं ठेवली, तीच शेवटपर्यंत. एकेका मशीनवर दोघं-तिघं, वेळा वाटून. पण मशीन बदलायची नाही.

मागच्या खोलीत भिवाजी बसत. क्लास निघाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ते तिथेच होते. समोर तेलाची कुपी, पेचकस, शेगडी आणि कथलाचा डाग द्यायची कांडी. पुढच्या खोलीत मशीन वाजत असायच्या आणि हे आतून ओरडायचे, की चार नंबरची घंटी लवकर वाजून राह्यली, थांबवा तिले. नवीन पोरं दचकायची. देवमन हसून म्हणायचे, कान पाहा बुवाचे.

पण गेल्या महिनाभरात विमलला कागद वेगळं सांगू लागले. भिवाजींनी काल दुरुस्त केलेल्या मशीनवर आज ओळ सरळ उमटत नव्हती. एखादा 'क' पायरीवर चढून बसल्यासारखा वर, एखादा 'र' खाली. परीक्षकाने अशा अक्षराला चूक धरली तर पोरांनी बोलायचं कोणाजवळ?

त्यातच अकोल्याच्या एका कंपनीकडून दौलतराव फटफटीवर येऊन गेले. वर्षाचा करार करा, म्हणाले. महिन्यातून एकदा आमचा माणूस येईल, सगळ्या मशीन साफ करून जाईल. मधे काही बिघडलं तर कार्ड टाका. मोठं काम असलं तर मशीन अकोल्याला नेऊ आणि ती येईपर्यंत बदली मशीन देऊ. तुमच्या डोक्याला ताप नाही. माणूस नीटनेटका, बोलणं गोड, आणि बॅगेतली हत्यारं चकचकीत. त्यांनी तासाभरात तीन मशीन उघडून पुसून अशा लावल्या, की ओळ सुतात आली. विमलने ते डोळ्यांनी पाहिलं.

"आमचा माणूस महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो," दौलतराव म्हणाले.

आतल्या खोलीतून भिवाजी बोलले, "मशीन काय मंगळवार पाहून बिघडते का?"

दौलतराव हसले. "काका, तुम्ही कोणत्या वारी येता?"

"मी जातच नाही कुठं," भिवाजी म्हणाले.

विमलला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. शनिवारपर्यंत कळवते, असं तिने दौलतरावांना सांगितलं. जाता जाता नमुन्यादाखल त्यांनी एक मशीन अकोल्याला नेली. ती सात नंबरची होती, तिचे अक्षरांचे खिळे सर्वांत वाकडे म्हणून. तिच्या जागी त्यांनी गाडीवर बांधून आणलेली बदली मशीन ठेवली.

सात नंबर या परीक्षेला एकट्या लिलाची. लिला सव्वीस वर्षांची. धनजला दिलेली होती, नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा किन्हीराजाला भावाकडे परतली, आणि रोज एसटीने क्लासला यायची. दोन वेळा नापास झालेली. पंचायत समितीत एक जागा निघायची होती, आणि भावाने सांगून टाकलं होतं, की ही तिसरी खेप शेवटची. मग दुसरं घर पाहून देऊ. लिला हे सगळं बातमी सांगावी तसं सांगायची.

दुसऱ्या दिवशी ती बदली मशीनवर बसली आणि पाचव्या ओळीवर थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. विमल मागून जाऊन पाहते तर कागदावर शब्दच नव्हते, नुसती अक्षरं सांडली होती. मशीनची मांडणी जुनी होती. नऊ कळांवरची अक्षरं भलत्याच जागी. देताना दौलतरावांनी ते पाहिलं नाही आणि घेताना विमलनेही नाही. दोघांनी ओळ सरळ येते का तेवढंच पाहिलं होतं.

पोस्टात जाऊन विमलने अकोल्याला फोन लावला. दीड तासाने लागला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, की सात नंबर उघडून पडली आहे, सुटा भाग नागपूरहून यायचा आहे, पंधरा दिवस धरा. परीक्षा दहा दिवसांवर होती. दुसरी बदली मशीन? सध्या नाही. आणि इकडे क्लासच्या इतर मशीनच्या वेळा परीक्षेत आधीच भरलेल्या. दौलतराव बाहेरगावी गेलेले. त्या माणसाचा स्वर वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे सात नंबर म्हणजे एक चिठ्ठी होती.

ती परत आली ती सरळ मागच्या खोलीत. बदली मशीन भिवाजींपुढे ठेवून म्हणाली, "काका, हे नऊ खिळे उकलून नव्या मांडणीनं बसवा. आज नाही तर उद्या, पण बसवा."

भिवाजींनी मशीनवरून हात फिरवला. बोटांनी एकेक दांडी चाचपली, उगाच तेलाची कुपी इकडची तिकडे केली. कांडी शेगडीत घातलीच नाही.

"का थांबलात? होत नाही का?" विमलने विचारलं.

"मले दिसत नाही, बाई," भिवाजी म्हणाले.

विमलला वाटलं, आज उजेड कमी आहे असं म्हणताहेत. तिने खिडकी उघडली.

"खिडकीनं काय होते. दोन वरीस झाले. मोठं दिसते, बारीक दिसत नाही. डाग कुठं पडला ते मी अंदाजानं ठरवतो."

"बाबांना माहीत होतं?"

"देवमनभाऊले?" भिवाजी म्हणाले. "पोरं गेल्यावर थे माहं काम पुन्हा करत. मी घरी गेल्यावर. मले वाटे, त्यायले वाटते की मले हे मालूम नाही. म्हून मीही बोललो नाही."

विमल खालीच बसली. गेली दोन वर्षं आई, भागिरथाबाई, पत्रातून एकच गाऱ्हाणं कोणाकडून तरी लिहवून पाठवायची: तुझे बाबा संध्याकाळी लवकर घरी येत नाहीत, डॉक्टरांनी वाकून काम करू नका म्हटलंय, तरी ऐकत नाहीत. विमलने बाबांना दोन रागाची पत्रं लिहिली होती. उत्तरात त्यांनी क्लासमधल्या मुलांच्या गमती कळवल्या होत्या. आणि ते कोसळले ते याच खोलीत, याच पाटावर, भिवाजी घरी गेल्यावर.

तिच्या तोंडाशी जे आलं ते तिने गिळलं.

"कांडी तापवा," ती म्हणाली. "मी बसते. तुम्ही सांगा."

ते दोन दिवस तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते काम केलं. कांडी किती लाल हवी, ते भिवाजी तोंडाजवळ धरून ऊब पाहून सांगत. डाग सुटला की नाही, ते आवाजावरून. खिळा बसवला, की कागद रोलरवर चढवून ती एकच अक्षर ओळभर मारायची, आणि ते कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवायचे. वर आलं, सूतभर खाली घे. नाही, लय खाली गेलं. तिची दोन बोटं भाजली. एक खिळा चार वेळा काढावा लागला. चौथ्या वेळी भिवाजी म्हणाले, देवमनभाऊचीही पयली मशीन अशीच रडली होती. ती हसली नाही, पण हात हलका झाला. मधल्या वेळात लिला येऊन उंबऱ्यात उभी राहायची. पाणी ठेवून जायची.

शुक्रवारी दुपारी लिलाने त्या मशीनवर पूर्ण पान काढलं. वेग कमी होता, ओळ मात्र सरळ होती. मशीन ट्रकवर चढायला अजून सात दिवस होते. ती पुन्हा पहिल्या ओळीला लागली.

दौलतराव ठेवून गेले होते तो कराराचा कागद विमलने पुढे ओढला. दौलतरावांची तीन मशीनवरची सफाई खरी होती, तशीच पोस्टातली ती दीड तासाची वाटही. तिने लिहिलं, की कंपनीचा माणूस दर महिन्याला यावा, मोठी दुरुस्ती त्याने करावी, पण इथेच बसून. मशीन या खोलीबाहेर जाणार नाही. रोजची देखभाल मी करीन. हे पटत नसेल तर करार नको. लिहून झाल्यावर तिला उमगलं, की या वाक्यात कारंज्याची नोकरी गेली. पण त्याहून कठीण काम पुढेच होतं.

ती मागे गेली. भिवाजी हत्यारं पुसत होते.

"काका, आजपासून तुम्ही मशीनला हात लावू नका," ती म्हणाली. "मी करीन. तुम्ही जवळ बसा आणि मला शिकवा. पगार आहे तोच."

भिवाजींनी पेचकस फडक्यात गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"दोन परीक्षा होईपर्यंत बसतो," ते म्हणाले. "तितक्यात तुले काम येऊन जाईन. मंग किन्हीराजाले जाईन, बहिणीकडं."

"बरं."

"हे देवमनभाऊनं बोलाले पाह्यजे होतं. दोन सालाआधी. मीच बोलाले पाह्यजे होतं." मग त्यांनी तिच्याकडे तोंड केलं. नेमकं तिच्याकडे नाही, थोडं बाजूला, खिडकीच्या उजेडाकडे. "बोललो असतो तर थे राह्यले असते का, बाई?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि बाबांनी तेच म्हटलं असतं. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला त्याने रात्रीची झोप लागली असती. पण याच खोलीत दोन वर्षं दोन माणसं एकमेकांचं मन राखत गप्प बसली होती.

"मला माहीत नाही, काका," विमल म्हणाली.

भिवाजींनी मान हलवली. मग त्यांनी चाचपत पाट सरकवला, तिच्यासाठी जागा केली आणि म्हणाले, की तीन नंबरची रिबन अडकून राह्यली, केव्हाचा आवाज येते, ते आधी पाहून घे.