साडेपाच तास

वडा मोडता मोडता माझी नणंद पद्मिनी साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायांसमोर म्हणाली, "दादा आखरीचं माह्याशीच बोलला, वहिनी. फोनात आवाज आहे त्याचा."

आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध. माझ्या घरी बसून, माझ्या हातचं खाऊन, मलाच ऐकवते!

"माह्यासाठी बी आहे," मी म्हटलं.

हे गेले तेव्हा मी नागपूरला भाचीच्या लग्नात होते. शेवटचा शब्द माझ्या कानावर पडला नाही, हे पद्मिनीला पक्कं ठाऊक. ह्यांची बोटं थरथरायची, म्हणून फोनात बोलून ठेवायचे आणि पाठवायचं विसरायचे. पुढे फोन बिघडला. गोल बाजारातल्या दुकानदारानं शेवटच्या दिवसाची दोन बोलणी वाचवली, पण वेळ उडाली. प्रत्येक बोलण्याच्या नावाच्या जागी नुसता लांबलचक आकडा. माझ्यासाठीचं होतं, "अवो, नळाची तोटी बदलली. आता नाही गळत." आणि तिच्यासाठीचं, "पद्मे, तुह्या हातचं लोणचं संपलं." माझ्या घरात बरण्या भरलेल्या असताना! वर्षभर ते लोणचं माझ्या घशात अडकलं होतं.

सून अनुश्री नवा रायपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिला हाक मारली. "आकड्यातून टाइम निंघते का वो?"

"निकलता है ना, मम्मी. १९७० पासून किती सेकंद झाले ते कॉम्प्युटर मोजते. त्याची तारीख बनवायची."

"माहं लग्न त्याच्या आंधीचं."

"मग तुमचं मायनसमध्ये येईल."

बाया हसल्या. मी नाही.

तिनं माझा आकडा फोनवर टाकला. सकाळचे नऊ. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली, म्हणून पद्मिनीचा आकडा तिनं आपल्या लॅपटॉपवर टाकला. सकाळचे सहा. म्हणजे शेवटचं माझंच!

"सहाले?" पद्मिनी म्हणाली. "दादा तं सातशिवाय उठे नाही."

"माणूस माहा होता का तुहा? घे, अजून एक वडा घे."

मी स्वयंपाकघरात आले, तशी अनुश्री मागोमाग. चेहरा उतरलेला. "मम्मी, गलती झाली. आत्यांचा आकडा मोठा आहे, मग टाइम आधीचा कसा? माझा लॅपटॉप लंडनच्या घड्याळावर चालते. साडेपाच तास जोडायचे राहिले."

"म्हंजे?"

"साडेअकरा. त्यांचं नंतरचं." मग हळूच, "किसी को नहीं बताऊँगी."

बाहेर पद्मिनी मान खाली घालून हात धुवत होती. अशी तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण दुसरीच्या ताटातलं उचलून खायची मला सवय नाही.

"पद्मे, पोट्टीनं वेळ चुकवली. तुहंच आखरीचं."

ती बघतच राहिली. तिला वाटलं, हाही टोमणाच.

"काहून पाहून राहिली? खरं आहे. घे आता मिरवून."

आत येऊन मी मिक्सरवर चटणी लावली, घर दणाणेल अशी. भिंतीपलीकडे पद्मिनीनं फोनातलं ते बोलणं लावलं. ह्यांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मी मिक्सर बंद केला.

"मम्मी, लाइट गई क्या?" बाहेरून अनुश्रीनं विचारलं.

"हव," मी म्हटलं.

डोक्यावर पंखा फिरत होता.