अण्णांनी छाटलेल्या कुंड्या

सलूनच्या दारातल्या पेटुनियांची पार रया गेली होती. हंगाम संपत आलेला. लांबच लांब उघड्या काड्या, टोकाला एखादं मलूल फूल, बाकी सगळी वाळकी बोंडं. सलूनवाल्यानं शटर वर केलं आणि म्हणाला, "अण्णा, आज या कुंड्या रिकाम्या करतो."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. दुकान त्यांनीच उभं केलेलं. अर्ध्या गावाच्या दाढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. पण हाताला कंप सुटला आणि त्यांनी आपणहून वस्तरा मुलाकडे दिला. तेव्हापासून ते दाराशी खुर्ची टाकून गप्प बसून राहत. मुलाला ते बघवत नसे.

"टाकू नकोस," अण्णा म्हणाले. "मुळं धड आहेत अजून. कात्री आण."

मुलगा घुटमळला. "अण्णा, हात..."

"झाडाला कान नसतात कापले जायला. आण तू."

डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी एकेक काडी निम्म्यावर आणली. एक-दोन फांद्या भलत्याच तुटल्या, तेव्हा 'च्च' केलं आणि पुढे गेले. बोंडं मात्र वेचून काढली. "बी धरलं की झाडाला वाटतं, झालं आपलं काम. मग फुलेल कशाला?" वरची माती मोकळी करून त्यांनी मूठ मूठ खत घातलं, पाणी दिलं आणि कुंड्या जिन्याखालच्या सावलीत सरकवायला लावल्या.

"अण्णा, टक्कलच केलंत की!" एक गिऱ्हाईक हसलं.

अण्णांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. "त्यांचे येतील परत. तुमचं काही सांगता येत नाही."

सगळं दुकान खो खो हसलं. मुलाच्या जिवाला मात्र घोर. रोपं वाळली तर अण्णा आणखी खचतील. रोज दुकान उघडलं की तो आधी जिन्याखाली डोकावायचा. एके सकाळी काड्यांच्या बगलेत हिरवे ठिपके दिसले. पुढे पानं आली, कुंड्या परत उन्हात आल्या, आणि बघता बघता जांभळ्या फुलांनी काठ झाकून गेले.

समोरच्या औषधवाल्या बाई रस्ता ओलांडून आल्या. "नवीन आणल्यात वाटतं?"

आत एकाच्या गालाला फेस तसाच ठेवून सलूनवाला ब्रशसकट बाहेर धावला. "छे हो! त्याच आहेत. आमच्या अण्णांनी केलंय हे, स्वतःच्या हातानं!" आवाज जरा जास्तच चढला, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"मग माझ्या झिनियांचंही बघा ना, अण्णा. पार गेल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुंड्या आल्या, पाठोपाठ शेजारच्या शिंप्याच्या. दार अडलं. मुलानं अण्णांसाठी कात्रीला धार लावून दिली.

संध्याकाळी आणखी एक बाई कुंडी कडेवर घेऊन आल्या. अण्णांनी ताठ बसून चष्मा सारखा केला.

"आज नंबर भरलेत, ताई. उद्या सकाळी या."